प्रोसेसरची चुटपुट

नवीन वस्तू घेतली की दोन-चार दिवसांनी मनात काहीतरी टोचायला लागतं. त्याला मराठीत फार छान शब्द आहे.. चुटपुट. पश्चात्ताप म्हणावा इतकं मोठं काही नसतं, पण विसरूही देत नाही. साडी, मोबाईल, फ्लॅट, सगळ्यांनंतर ती लागते. पण डेस्कटॉपसाठी नवा प्रोसेसर घेतल्यावर लागणारी चुटपुट जरा वेगळी. साडीचा पोत हाताला कळतो, फ्लॅटची खिडकी उघडून बघता येते. प्रोसेसर एकदा सॉकेटमध्ये बसवला, वर पेस्ट लावून पंखा आवळला, की पुन्हा डोळ्यांना दिसतही नाही. आपण विकत घेतो तो खरं तर एक आकडा. आणि त्या आकड्यामागे कंपनीवरचा विश्वास.

मग एखादा मित्र भेटतो आणि म्हणतो, "अरे, तीन महिने थांबला असतास तर..." झालं! पुढचे आठ दिवस आपण किमतींचे तक्ते बघत बसतो.

या वीकेंडला या चुटपुटीचा थोडा इतिहास बघू. गेल्या तीसेक वर्षांत असे काही प्रसंग घडले, ज्यात लाखो लोकांना एकदम 'आपण हा प्रोसेसर का घेतला?' असं वाटलं. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. ही चुटपुट दोन जातींची असते. एक 'थांबलो असतो तर' ही. दुसरी 'हे आम्हाला आधी सांगितलं का नाही' ही. आपण दोन्हींची गल्लत करतो आणि दोन्हींचा दोष स्वतःलाच देतो. पहिल्या जातीवर औषध नाही. दुसरीवर आहे, आणि ते ग्राहकांनी बरंच भांडून मिळवलेलं आहे.

सत्तावीस हजार वर्षांतून एकदा

२२ मार्च १९९३ ला इंटेलने पेंटियम बाजारात आणला. ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ, ३१ लाख ट्रान्झिस्टर. ४८६ नंतर खरं तर ५८६ यायचा, पण नुसत्या आकड्यावर ट्रेडमार्क मिळत नाही म्हणून पेंटियम हे नाव आलं. (या चिपच्या विकासाचं नेतृत्व करणारे विनोद धाम पुण्यात जन्मलेले, हे आपल्याकडे कौतुकाने सांगितलं जातं. ते १९९५ मध्ये इंटेलमधून बाहेर पडले आणि पुढे एएमडीच्या के६ पर्यंत पोचले.)

या चिपच्या आधीच, १९९१ पासून, इंटेलने 'इंटेल इनसाइड' ही जाहिरातमोहीम चालवली होती. कॉम्प्युटर आयबीएमचा असो, कॉम्पॅकचा असो, की लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेला असो, डब्यावर स्टिकर इंटेलचं. कॉम्प्युटर घेणारा माणूस इंटेलला थेट एक पैसा देत नव्हता, पण त्याला वाटायला लागलं की आपण इंटेलचे ग्राहक आहोत. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात तेव्हा लिंचबर्ग कॉलेज या नावाचं कॉलेज होतं. तिथले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. ३ आणि ५, ५ आणि ७, ११ आणि १३ अशा जोड्या असतात. त्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करत गेलं तर ती एका ठरावीक संख्येकडे सरकते, हे व्हिगो ब्रुन यांनी १९१९ मध्ये सिद्ध केलं होतं. ती संख्या जास्तीत जास्त अचूक काढण्यासाठी नाइसली बऱ्याच कॉम्प्युटरवर गणित चालवत होते. १९९४ मध्ये त्यात एक पेंटियमही जोडला. १३ जूनला त्यांच्या लक्षात आलं की उत्तरं जुळत नाहीत.

पुढचे चार महिने ते काय करत होते? स्वतःवर संशय घेत होते. प्रोग्रॅम चुकला असेल, कंपायलर चुकत असेल, मदरबोर्डमध्ये काही असेल. एक एक शक्यता बाद करत ऑक्टोबरमध्ये ते शेवटच्या संशयितापर्यंत पोचले. १ भागिले ८२४६३३७०२४४१ हा साधा भागाकार पेंटियम चुकवत होता. २४ ऑक्टोबरला त्यांनी इंटेलला कळवलं. समाधानकारक उत्तर आलं नाही, तेव्हा ३० ऑक्टोबरला त्यांनी ओळखीच्या काही लोकांना ईमेल लिहून विचारलं, तुमच्याकडच्या पेंटियमवरही असंच होतंय का? होत होतं.

लवकरच टिम को या अभियंत्याने असं उदाहरण शोधून दिलं, की ते कोणीही घरच्या स्प्रेडशीटमध्ये करून बघावं. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७. बरोबर उत्तर १.३३३८२०४... पेंटियमचं उत्तर १.३३३७३९०... म्हणजे चूक दशांशचिन्हानंतर चौथ्याच घरात! उत्तराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणून मूळ संख्येतून वजा केलं तर शून्य यायला हवं. पेंटियमवर २५६ यायचे.

चूक झाली कशी, हे बघण्यासारखं आहे. शाळेत आपण भागाकार करताना प्रत्येक पायरीला अंदाज करतो, 'सात त्रिक एकवीस, बसतंय.. तीनाने भाग जातो'. पेंटियमही तेच करायचा, फक्त पाढ्यांऐवजी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यात बघून. ४८६ एका फेरीत उत्तराचा एक बिट काढायचा, पेंटियम दोन काढायचा, म्हणून तो वेगवान. या तक्त्यात १०६६ घरांत उणे २ ते अधिक २ यांपैकी आकडे असायला हवे होते. त्यातल्या पाच घरांत २ च्या जागी ० गेला होता. (डिसेंबर २०२४ मध्ये केन शिरिफ या अभियंत्याने जुना पेंटियम सूक्ष्मदर्शकाखाली धरून दाखवलं, की रिकामी राहिलेली घरं खरं तर सोळा होती. त्यातली पाचच उपद्रवी, बाकीच्यांपर्यंत गणित कधी पोचतच नाही.) ती पाचही घरं तक्त्याच्या कडेला होती, त्यामुळे क्वचितच कोणी तिथे फिरकायचं. म्हणून नेहमीच्या चाचण्यांतून ती सुटली.

इंटेलच्या स्वतःच्या चाचण्यांत हा दोष त्याच वर्षी उन्हाळ्यात सापडला होता. पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्त करायचं ठरलंही होतं. पण जुन्या चिपा विकल्या जात राहिल्या आणि घेणाऱ्यांना कोणी काही सांगितलं नाही. नोव्हेंबरमध्ये बातमी आधी व्यावसायिक साप्ताहिकात आणि मग सीएनएनवर आली. तेव्हा इंटेलने हिशेब मांडला. कोणतेही दोन आकडे घेतले तर ९ अब्ज भागाकारांत एकदा चूक होणार. स्प्रेडशीट वापरणाऱ्या सामान्य माणसाला ती २७,००० वर्षांतून एकदा भेटेल! तरीही कोणाला चिप बदलून हवीच असेल, तर त्याने आपलं काम इतकं किचकट आहे हे कंपनीला पटवून द्यावं.

इथे थोडं थांबू. तुम्ही-आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले आहोत. मनातल्या मनात आपण कोणाच्या बाजूने आहोत? खरं सांगायचं तर इंटेलच्या. बग आहे, मान्य. पण तो घडण्याची शक्यता किती, परिणाम किती, दुरुस्तीचा खर्च किती? लो प्रायॉरिटी, पुढच्या रिलीजमध्ये बघू. आपल्या धंद्यात हा निर्णय रोज होतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. इंटेलचे प्रमुख अँडी ग्रोव्ह स्वतः केमिकल इंजिनीअर, आकड्यांवर श्रद्धा असणारा माणूस. त्यांचं गणित अगदीच चुकीचं होतं असं आजही कोणी म्हणत नाही.

मग चुकलं कुठे? ग्राहक विचारत होता, "माझी वस्तू बरोबर आहे का?" आणि कंपनी उत्तर देत होती, "तुला बरोबर वस्तूची गरज आहे का?" हा प्रश्न विचारण्याचा हक्क कंपनीला कोणी दिला? किराणावाल्याचा काटा पन्नास ग्रॅमने खोटा निघाला आणि तो म्हणाला, "ताई, तुमच्या आमटीत काही फरक पडणार नाही," तर ते खरंही असेल. पण भांडण आमटीचं नाहीच मुळी, काट्याचं आहे.

१२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमवाले कॉम्प्युटर पाठवणं थांबवलं आणि आपला हिशेब जाहीर केला. त्यांच्या मते नेहमी स्प्रेडशीट वापरणाऱ्याला चूक २७,००० वर्षांनी नाही, २४ दिवसांतून एकदा भेटू शकते. (आयबीएम तेव्हा पॉवरपीसी ही स्वतःची चिप पुढे आणत होती, हे विसरायचं नाही. आकडे कोण मांडतंय त्यावरही असतात.) आठच दिवसांत, २० डिसेंबर १९९४ ला, इंटेलने माफी मागितली आणि जाहीर केलं की ज्याला हवी त्याला चिप बदलून मिळेल. कारण विचारलं जाणार नाही. जानेवारी १९९५ मध्ये या प्रकरणाचा खर्च म्हणून कंपनीने ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले.

आणि गंमत म्हणजे, घरगुती ग्राहकांपैकी फार थोड्यांनी चिप खरोखर बदलून घेतली. म्हणजे लोकांना नवी चिप नकोच होती? त्यांना 'मागितली तर मिळेल' एवढं हवं होतं. ते मिळाल्यावर चुटपुट संपली. ग्रोव्ह यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात या प्रकरणावर लिहिलं आहे. डब्यावर स्टिकर लावून आपणच लाखो लोकांना आपले ग्राहक करून घेतलं, आणि हे आपल्या लक्षातच आलं नव्हतं, हा त्यातला त्यांचा मुद्दा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

आकड्यांची शर्यत

इंटेल यातून काही शिकली का? शिकली, निदान सहा वर्षं तरी.

२००० साली मेगाहर्ट्झची शर्यत ऐन भरात होती. ६ मार्चला एएमडीने १ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन जाहीर केला, ८ मार्चला इंटेलने १ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३. दोनच दिवसांचा फरक, पण तो इंटेलला फार झोंबला असावा. ३१ जुलैला त्यांनी १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ काढला. तो परीक्षकांच्या हातात पडल्यावर लिनक्सचं कर्नेल कंपाइल करताना कोसळायला लागला. महिन्याच्या आत, २८ ऑगस्टला, इंटेलने ती चिप परत मागवली. या वेळी कोणाला काही पटवून द्यावं लागलं नाही. १९९४ ची फी कुठेतरी कामी आली.

पण खरी चुटपुट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यायची होती. आणि ती जास्त अवघड जातीची होती, कारण यात बिघडलेलं काहीच नव्हतं.

२० नोव्हेंबर २००० ला पेंटियम ४ आला. १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झ. हजाराच्या लॉटमध्ये किंमत अनुक्रमे ६४४ आणि ८१९ डॉलर. आकडा बघूनच दबकायला व्हावं असा. पण लोकांनी चाचण्या घेतल्या तर कितीतरी नेहमीच्या कामांत १.२ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन त्याच्या पुढे. काही ठिकाणी तर इंटेलचाच १ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ बरोबरीला किंवा पुढे!

हे समजायला स्लॅब टाकणाऱ्या मजुरांची रांग डोळ्यांसमोर आणा. खालून वरपर्यंत दहा माणसं, घमेली हातोहात वर जातायत. आता दहाच्या जागी वीस माणसं उभी केली तर प्रत्येकाला घमेलं अर्ध्याच अंतरावर द्यायचं. हात भराभर चालतात, बघणाऱ्याला वाटतं काय झपाटा आहे! पण मध्येच मुकादम ओरडला, "थांबा रे, माल चुकीचा कालवलाय, टाकून द्या," तर आधी दहा घमेली वाया जायची, आता वीस. पेंटियम ३ मध्ये या रांगेत, म्हणजे पाइपलाइनमध्ये, दहा टप्पे होते. पेंटियम ४ मध्ये वीस. रांग लांब केल्यामुळे घड्याळाचा आकडा वर गेला. पण प्रोग्रॅममध्ये 'असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे' असे फाटे सतत येतात आणि प्रोसेसर कुठे जायचं त्याचा आधीच अंदाज बांधत असतो. अंदाज चुकला की सगळी रांग रिकामी करून पुन्हा सुरुवात. शिवाय प्रत्येक ठोक्याला होणारं कामही कमी.

हे अभियंत्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांचा हिशेब असा होता की आज जरा कमी, पण ही रांग पुढे कितीतरी जास्त वेगाने पळवता येईल. काही कामांत, उदाहरणार्थ क्वेक ३ सारख्या खेळात, नवी चिप पहिल्या दिवसापासून चांगली होतीच. म्हणजे पेंटियम ४ खोटा नव्हता. खोटा होता तो समज, की मेगाहर्ट्झ म्हणजे वेग. आणि हा समज मोडण्यात कोणत्याच विक्रेत्याला रस नव्हता.

पहिल्या ग्राहकांना जास्त लागलं ते मात्र दुसरंच. हा पेंटियम ४ सॉकेट ४२३ नावाच्या बैठकीत बसायचा आणि त्याच्याबरोबर फक्त आरडीरॅम ही महागडी मेमरी चालायची, तीही जोडीने लावावी लागे. ऑगस्ट २००१ मध्ये, म्हणजे नऊच महिन्यांत, सॉकेट ४७८ आलं. मागोमाग साधी एसडीरॅम चालणारा चिपसेट आला. जानेवारी २००२ मध्ये नॉर्थवुड नावाचा सुधारलेला पेंटियम ४ आला, दुप्पट कॅशचा, बऱ्यापैकी थंड आणि खरोखर वेगवान. तो नव्या सॉकेटचा. ज्यांनी सगळ्यात जास्त पैसे देऊन सगळ्यात आधी घेतला होता, त्यांचा मदरबोर्ड आणि मेमरी दोन्ही अशा गल्लीत अडकले, जिला पुढे रस्ता नव्हता.

ही चुटपुट कुठल्या जातीची? अर्धी अर्धी. तंत्रज्ञान पुढे जातं, त्याला कोणी काय करणार. पण सॉकेट बदलणार आहे हे इंटेलला पहिल्या दिवशी माहीत होतं. जाणकार परीक्षकांनीही तेव्हाच लिहिलं होतं. खोक्यावर मात्र ते नव्हतं. म्हणजे माहिती होती, ती फक्त पैसे देणाऱ्या माणसापर्यंत पोचली नाही.

एएमडीने मग आकड्याला आकड्यानेच उत्तर दिलं. ऑक्टोबर २००१ मध्ये अ‍ॅथलॉन एक्सपी आला तेव्हा १.५३ गिगाहर्ट्झच्या चिपचं नाव ठेवलं १८००+. म्हणजे 'आमचे ठोके मोजू नका, काम मोजा'. मुद्दा योग्य, पण तोही शेवटी विक्रेत्यानेच ठरवलेला आकडा!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २००४ मध्ये प्रेस्कॉटने रांग एकतीस टप्प्यांवर नेली, उष्णता हाताबाहेर गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द झाला आणि एका परिषदेत इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी गमतीने गुडघे टेकून माफी मागितली. जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला, तोकडी रांग, कमी ठोके, जास्त काम. सहा वर्षांची शर्यत कंपनीनेच बंद केली.

आणि पहिल्या ग्राहकांचं काय? अमेरिकेत एक दावा चालला होता. पेंटियम ४ चांगला दिसावा म्हणून चाचणीचे प्रोग्रॅमच त्याला सोयीचे करून घेतले, असा आरोप होता. इंटेलने आरोप मान्य केला नाही, पण २०१४ मध्ये तडजोड झाली. नोव्हेंबर २००० ते डिसेंबर २००१ या काळात पेंटियम ४ चा कॉम्प्युटर घेतलेल्या ग्राहकाला किती मिळणार? १५ डॉलर. चौदा वर्षांनी! :-)

एएमडीही धुतल्या तांदळाची नाही

फक्त इंटेलला झोडपणं बरोबर नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये एएमडीचा चार कोअरचा फेनोम आला आणि लगेच त्याच्या टीएलबी नावाच्या भागात दोष निघाला. क्वचित प्रसंगी कॉम्प्युटर अडकायचा. उपाय म्हणून बायोसमधून तो भाग बंद करता यायचा, पण मग वेग चांगलाच घटायचा. म्हणजे ग्राहकाने निवडायचं, धोका की संथपणा. दुरुस्त चिप मार्च २००८ मध्ये आली.

ऑक्टोबर २०११ मध्ये बुलडोझर घराण्यातले एफएक्स प्रोसेसर आले. जाहिरात आठ कोअरची. प्रत्यक्षात दोन-दोन कोअर काही महत्त्वाचे भाग वाटून घ्यायचे, दशांश गणिताचं युनिट त्यात आलंच. म्हणजे दोन बिऱ्हाडांना मिळून एक स्वयंपाकघर. याला आठ खोल्या म्हणायचं की चार? भांडण कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये एएमडीने १.२१ कोटी डॉलरवर तडजोड केली. मेगाहर्ट्झची जागा कोअरने घेतली होती, गोष्ट तीच.

२०२४: पुन्हा 'माझंच काहीतरी चुकलं'

ऑक्टोबर २०२२ मध्ये इंटेलची तेरावी पिढी आली, ऑक्टोबर २०२३ मध्ये चौदावी. सगळ्यात वरचे प्रोसेसर ६ गिगाहर्ट्झपर्यंत पळणारे. काही महिने वापरल्यावर लोकांचे खेळ मध्येच बंद पडायला लागले. पडद्यावर संदेश काय? 'व्हिडिओ मेमरी अपुरी'. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डला दोष दिला. ड्रायव्हर बदलले, मेमरी बदलली, विंडोज पुन्हा टाकलं. थॉमस नाइसलींचे ते चार महिने आठवा! तीस वर्षांनी हजारो लोक तेच करत होते. आपला प्रोसेसर चुकत असेल असा संशय माणसाला सगळ्यात शेवटी येतो, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं असतं.

जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की चिपमधल्या मायक्रोकोडच्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतोय आणि त्याने तो हळूहळू झिजतोय. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, सप्टेंबरमध्ये आणखी एक. पण जी चिप आधीच झिजली तिला मायक्रोकोड बरी करू शकत नव्हता. याच दरम्यान हेही बाहेर आलं, की तेराव्या पिढीच्या सुरुवातीच्या काही चिपांमध्ये ऑक्सिडेशनचा वेगळा दोष होता. तो कारखान्यात २०२३ मध्येच दुरुस्त झाला होता, ग्राहकांना कळला तो मात्र २०२४ मध्ये.

चिपा परत मागवल्या गेल्या नाहीत. इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, तीनाची पाच वर्षं केली. १९९४ च्या मानाने हे पुढचं पाऊल की मागचं? मला वाटतं दोन्ही. १९९४ चा पेंटियम विकल्यावर बदलताच येत नव्हता. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून मायक्रोकोड घरबसल्या बदलता यायला लागला, ही मोठी सोय. पण त्याच सोयीमुळे 'आत्ता विकू, नंतर पॅच देऊ' हेही शक्य झालं. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांची सवय हार्डवेअरला लागली. आणि जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर जाहीर झाले तेव्हा दिसलं, की पॅचमुळे घेतलेला प्रोसेसर नंतर थोडा संथही होऊ शकतो. म्हणजे पैसे दिले त्या दिवशी हातात आलेली वस्तू शेवटपर्यंत तीच राहील, याची आता खात्री नाही.

मग घ्यायचा की नाही?

घ्यायचा की! प्रोसेसर न घेता कोणाचं काय भलं झालंय. पण घेतल्यानंतर चुटपुट लागली, की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. मला आज जे कळलं, ते विकणाऱ्याला मी पैसे देत होतो तेव्हा माहीत होतं का?

नव्हतं, तर ती पहिल्या जातीची चुटपुट. नवी चिप आली, किंमत उतरली, शेजाऱ्याचा कॉम्प्युटर जास्त पळतो. कपाळावर हात मारून चहा प्यावा आणि कामाला लागावं. ज्या कामासाठी प्रोसेसर घेतला ते काम तो कालही करत होता, आजही करतोय. १.५३ गिगाहर्ट्झचा तो अ‍ॅथलॉन कोणीतरी वर्षानुवर्षं सुखाने वापरलाच असेल.

पण माहीत होतं आणि सांगितलं नाही, तर त्याला चुटपुट म्हणूच नये. ती तक्रार आहे. मग स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा बिल शोधावं, अनुक्रमांक बघावा, वॉरंटी किती उरलीय ते तपासावं आणि सरळ बदलून मागावी. बिल नसेल तर हे सगळं अवघड होतं. म्हणून चार पैसे वाचवायला बिनबिलाचा माल घेण्याआधी दोनदा विचार करावा, एवढा एकच व्यावहारिक सल्ला. घेण्याआधी या सॉकेटमध्ये पुढची पिढी बसणार आहे का, हे विचारायलाही पैसे पडत नाहीत. २००० च्या त्या पहिल्या ग्राहकांना ते कोणी सांगितलं असतं तर निम्मी चुटपुट वाचली असती.

आणि तक्रार केल्यावर समोरून उत्तर आलं, की "तुमच्या वापरात याने काही फरक पडत नाही," तर २० डिसेंबर १९९४ ची आठवण ठेवावी. फरक पडतो की नाही, हे वापरणारा ठरवतो. ही गोष्ट जगातल्या सगळ्यात मोठ्या चिप कंपनीला ४७.५ कोटी डॉलर मोजून शिकावी लागली. सोमवारी ऑफिसात बगच्या यादीत कोणा ग्राहकाच्या तक्रारीसमोर 'लो' लिहिण्याआधी, ती आपल्याला फुकटात शिकायला मिळतेय हे काय कमी आहे?